जयवंताचा डावा हात

इंदोरा वस्तीतल्या रुपराव टेलरचं दुकान म्हणजे पॅन्ट-शर्टचं दुकान. बायकांचे कपडे तो हातात घेत नसे. चौऱ्याहत्तर साली त्याच्या बायकोला, जयवंताला, छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून डॉक्टरांनी तिचा डावा स्तन काढला.

टाके निघाले, ती घरी आली, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं टेकवून हात रोज थोडा थोडा वर न्यायचा, नाहीतर तो आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी बोटं छातीएवढ्या उंचीवरच अडली.

"नाही होत माह्याच्यानं," जयवंता रडकुंडीला आली.

रुपरावने खिशातला खडू काढून तिथे रेघ ओढली. "आज इथवर. उद्या बोटं याच्या वर सूतभर गेली तरी पुरे."

रेघा वर चढू लागल्या. मधेच दोन दिवस तिने भिंतीकडे पाहिलंही नाही. रुपराव रागावला नाही. दुकान बंद ठेवून तिच्याजवळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तीच उठली. "दुकानात गिऱ्हाइकं शिव्या देऊन राहिले असतील. जा तुम्ही. लावते मी भिंतीले हात."

मग किरणांचे शेक सुरू झाले. पंचवीस दिवस दोघं सायकलरिक्षाने दवाखान्यात जायचे. कातडी काळी पडली, जुनं ब्लाऊज काचू लागलं. रुपरावने मऊ मलमल आणली आणि टेप काढली. माप घेताना जयवंता अंग चोरू लागली.

"दुखते का वं?"

"नाही. तुम्ही पाहून राहिले ना, म्हणून."

"पाहू दे. पाह्यल्याबिगर माप कसं घेऊ?"

तिने पदर बाजूला केला. त्याने दोनदा उसवून तिसऱ्यांदा ते ब्लाऊज जमवलं. समोर बटणं, बगलेत सैल. शेक संपून कातडी भरून आल्यावर दुसरं शिवलं. त्यात डाव्या बाजूला पिंजलेला कापूस बसवला. ते घालून ती नळावर गेली, तेही पदर न सावरता.

तपासणीला गेले तेव्हा वॉर्डात कळमेश्वरची एक तरुण बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. जयवंता तिच्या खाटेवर जाऊन बसली. "माहंही हेच झालं होतं, बाई. पाह्य," म्हणत तिने डावा हात सरळ डोक्यावर नेला. ती बाई वळली, उठून बसली, विचारू लागली.

व्हरांड्यात थांबलेल्या रुपरावला वॉर्डबॉयने विचारलं, "ह्या नवीन सिस्टर आहेत का?"

"माही बायको आहे," रुपराव ताठ उभा राहत म्हणाला.

पुढे दर सोमवारी जयवंता त्या वॉर्डात जायची. पंच्याऐंशी सालीही तिचा हा नेम चालू होता. बरोबर रुपरावने शिवलेली दोन-तीन ब्लाऊजं असायची, आणि कोणत्या बाईला कोणतं बसेल ते तीच ठरवायची.