रडगाण्याला वन्स मोअर

माझ्या गाण्यांना आमच्या घरात एकच नाव आहे, रडगाणी. नवऱ्याने ते मी ऐकायला लागल्यावर महिन्याभरात ठेवलं, मुलीने बोलायला लागताच उचललं, आणि आता जावईसुद्धा फोनवर विचारतो, "आई, रडगाणी चालू आहेत का?" ब्लूज हा शब्द या घरात माझ्याशिवाय कुणी उच्चारलेला नाही. मी चिडते. मला चिडायला फारसं निमित्त लागतही नाही. मग हेडफोन कानाला लावते आणि भाजी जरा जोरात चिरते.

हा नाद मला विमा कंपनीच्या कचेरीत लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाई मुलाकडे कायमच्या कॅनडाला निघाल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला आणि चार कॅसेट माझ्यापुढे ठेवल्या. "तुला राग फार येतो. ही ऐकत जा," म्हणाल्या. मला त्या बोलण्याचाही राग आला. घरी येऊन पहिली कॅसेट लावली. आधी तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर, मग एक गिटार, आणि मग एका बाईचा आवाज. शब्द एकही कळला नाही. पण ती बाई रडत नव्हती, एवढं मला लगेच कळलं. ती कुणाला तरी सुनावत होती. घरात जे बोलायची सोय नसते ते ती सुरात बोलत होती आणि मध्येच स्वतःवर हसतही होती. मी कॅसेट मागे फिरवून तेच गाणं चारदा ऐकलं. त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहिली, हे नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

पुढे मी वाचत गेले. कोण ही माणसं, कुठली? आफ्रिकेतून धरून, जहाजांत कोंबून अमेरिकेच्या दक्षिणेला नेलेली, कापसाच्या मळ्यांत राबवलेली. गुलामी कागदावर संपली तरी मळे तेच राहिले आणि मालकही तेच. शेतातल्या हाका, चर्चमधली भजनं, खडी फोडणाऱ्या कैद्यांची गाणी, या सगळ्यातून हे गाणं निघालं. वाद्य परवडत नव्हतं तेव्हा भिंतीला तार ठोकून ती बाटलीच्या काचेने वाजवली. मग ही माणसं पोटासाठी उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली, गिटारीला वीज जोडली, आणि पुढे जग ज्या रॉकवर नाचलं त्याचा पाया घालून मोकळी झाली. नाव आणि पैसा बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच मिळवला. हे वाचतानाही मी चिडलेच.

पण हे सगळं तीस वर्षं एकटीने चाललं होतं. कॅसेटच्या सीडी झाल्या, सीडी जाऊन फोन आला, ऐकणारी मी एकटीच. चांगलं गाणं ऐकून आपण "वा" म्हणावं आणि शेजारून दुसरा "वा" येऊ नये, याच्यासारखी फजिती नाही. स्पष्टच सांगते, मला सोबत हवी होती. एक माणूस मिळाला असता तरी चाललं असतं.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी वसईतल्या आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेले. ते निवृत्त मुख्याध्यापक, संगीत नाटकांचे भक्त, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दुरुस्त करणारे. रविवारी सकाळी हॉल रिकामा असतो, तो मला गाणी ऐकवायला द्या, असं मी म्हटलं.

"ब्लूज? म्हणजे ती परदेशी रडगाणी?" ते म्हणाले. आमच्या घरातलं नाव गावभर कसं झालं कोण जाणे. "आपल्या लोकांना त्यातलं काय कळणार, ताई? ठीक आहे, तीन रविवार घ्या. तिसऱ्या रविवारी वीस माणसं दिसली नाहीत तर हॉल कॅरमवाल्यांना देईन."

"वीस कशाला, पंचवीस आणते," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. आणि मी काय केलं? कार्यक्रम केला. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन आलं, प्रास्ताविक आलं, पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याशिवाय लोक कसे जमवायचे हेच मला माहीत नव्हतं. पाहुणे म्हणून जवळच्या होळी गावचे एक बागायतदार बोलावले, कारण वाचनालयाला दोन कपाटं त्यांनी दिली होती. ते केळीवरच्या रोगावर पंचवीस मिनिटं बोलले, आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलले. अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. पंख्याने समई तीनदा विझली. तासाभरात गाणी वाजली दीड, कारण दुसरं अर्ध्यावर असताना आभारप्रदर्शनाची वेळ झाली.

दुसऱ्या रविवारी मी शहाणी झाले होते. समई नाही, पाहुणे नाहीत. त्याऐवजी मी भिंतीला अमेरिकेचा नकाशा लावला आणि चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. नदी कुठे, मळे कुठे, रेल्वे कुठून कुठे, सगळं काठीने दाखवलं. श्रोते तीन होते. एक माझा नवरा, दुसरे ग्रंथपाल, कारण हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि तिसरे एक गृहस्थ जे पेपर वाचायला आले होते. नवरा झोपला. गृहस्थांनी एकच शंका विचारली, पंखा वाढवता येईल का.

घरी येताना नवरा म्हणाला, "अगं, तू गाण्याची ओळख करून देत होतीस की गाण्यावर गुन्हा दाखल करत होतीस?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण मला फार वाईट वाटलं होतं. माझं सगळ्यात आवडतं माणूस मी चार लोकांत न्यावं आणि लोकांनी जांभया द्याव्यात, तसं झालं होतं. शिवाय तिसऱ्या रविवारी माणसं आली नाहीत तर पुन्हा हेडफोन आणि भाजी.

तिसऱ्या रविवारी दहाला हॉलमध्ये शिरले तर खुर्च्या भरलेल्या! तीसेक माणसं होती. माझी छाती फुगली. अध्यक्षांकडे मी अशी नजर टाकली की विचारू नका. एवढ्यात ग्रंथपाल जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, अकराला ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक सभा आहे इथे. पंख्याखालच्या जागा धरायला लोक लवकर आलेत. सभेनंतर बटाटेवडे आहेत."

फुगलेली छाती जागेवर आली. ग्रंथपाल अजून घुटमळत होते. "आणि ही माझी आई. डोळ्यांच्या शिबिराला आणली होती गावाहून, चांदीपहून. मागे बसवली तर चालेल ना?"

मागच्या रांगेत ऐंशीच्या आसपासची एक बाई बसली होती. मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन दाणे सोलत होती. मोकळ्या हातांनी बसणं तिला जमत नसावं.

मी रागाने भाषणाचे कागद पिशवीत कोंबले. वड्यांसाठी आलेल्यांना इतिहास कशाला सांगायचा? एका शब्दानेही प्रस्तावना न करता फोनवर बोट ठेवलं. गाणं लावलं ते माझं सगळ्यात जुनं, पहिल्या कॅसेटवरच्या त्या बाईचं. मोहरी तडतडली. गिटार आली. बाईने पहिली ओळ म्हटली, गिटारने तिला हुंकार दिला. बाईने तीच ओळ पुन्हा म्हटली.

"दोनदा म्हनली," मागून आवाज आला. "आता जाब देल."

सगळ्या माना मागे वळल्या. ग्रंथपाल कानकोंडे झाले. "आई, गप्प बस," म्हणाले. मी गाणं थांबवलं.

"मावशी, काय म्हणालात? तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात कलायचं काय, बाय?" ती शेंग सोलत म्हणाली. "आवनीला आम्ही असंच म्हनायचो. पयल्या डावाला म्हनायचं ते शेताच्या त्या टोकाला वाकलेलीला आयकू जावं म्हनून. दुसऱ्या डावाला म्हनायचं ते आपल्याला पुढचं सुचावं म्हनून. तिसऱ्याला जाब द्यायचा. नाय सुचला तर बाकीच्या हसतात."

भाताची रोपं लावायच्या कामाला तिकडे आवणी म्हणतात आणि उत्तराला जाब. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा का येते यावर मी पानंच्या पानं वाचली होती, टिपणं काढली होती. त्या सगळ्या पानांतलं मला काही पटकन सांगता आलं नसतं. चांदीपच्या चिखलात उभं राहिलेल्या बाईने ते तीन वाक्यांत सांगून टाकलं, आणि मला चक्क टाळी वाजवावीशी वाटली. मी वाजवलीही.

"ही काय म्हनते?" तिने विचारलं.

"म्हणते, ऊन उतरत नाही, देवा, ऊन काही उतरत नाही."

"मंग जाब काय देते?"

मी फोनकडे बोट नेलं आणि थांबले. "तुम्ही असता तर काय दिला असता, मावशी?"

तिने हातातली शेंग पिशवीत टाकली. आणि समोर बघत म्हणायला लागली. आवाज बारीक होता, पण दोरी ताणल्यासारखा सरळ.

"ऊन काय उतरंना बाय, ऊन काय उतरंना,
ऊन काय उतरंना बाय, ऊन काय उतरंना,
मालक बसला सावलीला, त्याला दिवस पुरंना."

मी गाणं पुढे सोडलं. कॅसेटवरच्या बाईने आपला जाब दिला. मी सांगितलं, "ती म्हणते, मालकाच्या डोक्यावर टोपी आहे, माझ्या डोक्यावर माझाच हात."

मग मधल्या रांगेतून एकजण ओरडला, "आजींचाच बरा!" आणि हॉल हसून फुटला.

त्यानंतर माझ्या हातात काही राहिलं नाही. दर कडव्याला मी दुसऱ्या ओळीनंतर थांबायचं आणि लोकांनी जाब शोधायचा, असा खेळच सुरू झाला. ज्यांनी कधी दोन ओळी जुळवल्या नसतील ते हात वर करू लागले. एकाने सोसायटीच्या सेक्रेटरीवर जाब दिला, एकीने सुनेवर दिला आणि सून तिथे नाही ना हे वळून बघितलं. मग मी बाटलीच्या काचेने वाजवलेली गिटार ऐकवली, माऊथ ऑर्गनवरची आगगाडी ऐकवली, आणि शेवटी शहरातलं, विजेच्या गिटारीचं, ठेका धरायला लावणारं.

ते ऐकताना खिडकीजवळचे एक अंकल बोटांवर काहीतरी मोजायला लागले. ख्रिस्ती लग्नांत ट्रम्पेट वाजवण्यात त्यांची हयात गेली. "थांबा थांबा," ते उठून म्हणाले, "ठेक्याची बारा घरं झाली की परत पहिल्यावर येतंय! लग्नात जेवणं झाल्यावर नाचायला आम्ही जी फास्ट धून वाजवतो ना, तिचा हिशोब सेम टु सेम हाच. चाळीस वर्षं वाजवतोय मी. कुठून आली ते आज कळलं." त्यांनी तोंडाने ट्रम्पेट वाजवून ती ऐकवली, आणि पुढच्या रांगेतले दोघे बसल्या बसल्या खांदे हलवू लागले. ब्लूजचा जगावर काय प्रभाव पडला हे मी नकाशावर काठी आपटून सांगत होते. तो माझ्या समोर, वसईच्या हॉलमध्ये, गुडघेदुखी विसरून डुलत होता.

अकरा वाजले. संघाचे चिटणीस इतिवृत्ताची वही घेऊन उठले. अध्यक्षांनी हाताने त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून द्यावी तशी आरोळी दिली, "वन्स मोअर!"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "सर, कुणाला? रेकॉर्डला की मावशींना?"

"दोघींना!" ते म्हणाले. "आणि हॉल तुमचा. कॅरम व्हरांड्यात खेळतील."

टाळ्या पडल्या. तीस वर्षं ज्यांना रडगाणी म्हटलं गेलं त्यांना वन्स मोअर मिळाला होता, तोही अध्यक्षांकडून! मी रेकॉर्ड पुन्हा लावली. ती संपल्यावर सगळे मावशींकडे वळले, पण त्यांनी मान हलवली.

"एकटीनं नाय म्हनत मी. आवनीत एक म्हनते आनि बाकीच्या उचलतात. आता सुना, नाती तिकडं कामन गावातल्या गोदामांत जातात कामाला. शेतात मी एकली. उचलायला मानूस नसला तर गानं खाली पडतं, बाय." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू उचल."

मी जन्मात चारचौघांत गायले नव्हते. गाण्यावर बोलणं वेगळं आणि गाणं वेगळं. पण ही बाई काय सांगते आहे ते त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणाला कळलं असेल? माझी गाणी तीस वर्षं खालीच पडत होती. मी उठून मागे गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी ओळ म्हटली. मी उचलली. आवाज फाटला, सूर भलतीकडे गेला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी थांबले नाही.

दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची सरकली. दाराजवळच्या खुर्चीवरून उठून नवरा येऊन बसला होता. रडगाणी हे नाव ठेवणारा, माझ्या व्याख्यानात झोपणारा माझा नवरा. मांडीवर थाप मारून त्याने ओळ उचलली, आणि त्याच्यामागून सगळ्या हॉलने.

तीस वर्षं मला शेजारून एक आवाज हवा होता. तो माझ्यापेक्षाही बेसूर निघाला, पण काय खणखणीत होता!