चांदीची म्हणून दिलेली जोडवी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायको होती तोवर धीर झाला नाही. ती गेल्यावर, आता सांगून काय उपयोग, अशी मनाची समजूत घालत राहिलो.

सिहोऱ्याच्या बाजारात माझं दागिन्यांचं लहानसं दुकान होतं. चांदीचं काम थोडं, गिलटाचं जास्त. तांबं, जस्त आणि निकेल एकत्र वितळवून केलेलं गिलट नीट घासलं की चांदीसारखं दिसतं. गिऱ्हाइकाला मी ते गिलट म्हणूनच विकलं. खोटं बोललो ते घरी.

धानाच्या रोवणीच्या चिखलात बायकोची लग्नातली जोडवी झिजली होती. मोडून नवी करायला तिने ती माझ्याकडे दिली. नेमकी एका गिऱ्हाइकाच्या पैंजणाला चांदी कमी पडली, बायकोच्या जोडव्यांची मी त्यात घातली आणि तिच्यासाठी गिलटाची जोडवी ओतली. आठवड्याभरात बदलू, असं ठरवलं होतं. तिने ती घालून पाय पुढे केले. "पाय नवरीसारखे दिसून राहिले जी!" काम इतकं साफ उतरलं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं. गिलटाची आहेत हे मी सांगितलं नाही, आणि आठवड्याभरात बदललीही नाहीत.

त्या पावसाळ्यात तिची बोटं चिघळली. रोवणीत बायांना चिखल्या व्हायच्याच, म्हणून ती हळद-तेल लावत राहिली. उन्हाळा आला, चिखल कुठेच नव्हता, तरी जखमा भरेनात. गावात आलेल्या नर्सबाईंनी विचारलं, "जोडवी कशाची आहेत?"

"चांदीची. यायच्याच हातची हायेत, विचारा ना."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, चांदीचीच."

गिलटातलं निकेल काहींच्या कातडीला चावतं, हे मी धंद्यात ऐकून होतो. त्यांनी मलम दिलं. सवाष्ण बाई जोडवी उतरवणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आणखी एक पावसाळा मी जाऊ दिला. मग सैल झाल्याचं निमित्त करून खरी चांदीची घातली. महिन्याभरात पाय बरे झाले. "मलम लागू पडलं," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. नर्सबाईंना वांगी नेऊन दिली. तेव्हाही मी शेजारीच उभा होतो.

आता त्याच दुकानात माझी नात बसते. पितळेचे झुमके करते, आकडे टायटेनियमचे लावते. प्रत्येक डबीत धातूचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. गेल्या महिन्यात बपेऱ्याची एक नवरी आली. घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यानंही तिला पुरळ येई.

"आबाजी, हिच्या जोडव्यांले काय घ्यावं?" नातीने विचारलं.

"गिलट नको," मी म्हणालो. आणि पुढचंही तोंडून निघालं. "तुह्या आजीचे पाय गिलटानं चिघळले होते. मीच देल्लं होतं, चांदीचं म्हणून."

नात म्हणाली, "हे लिहून ठेवा, आबाजी."

नवरीने तांबं निवडलं. बोट हिरवं पडेल, हे मी आधीच सांगितलं. ती हसली, "हिरवं चालते आबाजी, लाल नको." जोडवी मी माझ्या हातांनी केली. तिचा निरोप आला: खाज नाही. त्या दिवशी मला हलकं वाटलं, पण निम्मंच. उरलेलं ओझं, तू नसलीस तरी, तुलाच सांगून उतरायचं होतं.

त्या चिखल्या नव्हत्या. मलमानं काही झालं नाही. माह्या हातचं गिलट तुले चावत होतं, अन् मले माहीत होतं. मले माफ कर.