ह्यांचा उजवा हात

परवा बारामतीत माझी लबाडी पकडली गेली... या वयात! मला लिहिता येत नाही, नात फोनवर उतरवून घेतेय. चुका तिच्या, बाकी सगळं माझं.

आमच्या ह्यांना, म्हणजे गावाच्या आबांना, सहा महिन्यांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून पळसदेवच्या घरात मी त्यांच्या उजव्या अंगाला बसते, तो गार हात हातात घेऊन. त्यांच्या वाटचं बोलतेही मीच... तसं आधीही मीच बोलत होते म्हणा.

गोळ्या चालूच आहेत. जोडीला मुलानं बारामतीत चिनी सुयांचा डॉक्टर गाठला, पोरगेलासाच आहे. तो सांगतो, अंगात शक्तीच्या वाटा असतात, मध्ये अडलं की पुढचं अंग सुकतं. म्हटलं, आमच्या उसाच्या चारीसारखं की... वर कुणी पाणी अडवलं की शेवटचं रान कोरडं!

उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात केसाएवढी सुई घालायची, हलकेच फिरवायची आणि विचारायचं, "आबा, आत जड वाटतंय? ओढल्यासारखं?" तसं वाटलं तर सुई लागू पडली. आबांची तर वाचाच गेलेली. मग मीच, "व्हय, कळतंय त्यांना. भुवई हालली न्हाय का!"

चार खेपा हेच. मुलगा घरी जाताना खुशीत शीळ घालायचा.

परवा पाचवी खेप. डॉक्टर पाठमोरा वाकला. "आबा, कळलं का?"

"व्हय, कळलं!" मी.

तो वळला. सुई पाकिटातच होती... पाकीट अजून फोडलंही नव्हतं.

रागावला नाही. "आजी, आता जरा आबांना सांगू द्या. आबा, कळलं तर डोळे मिटा."

मग खरी सुई घातली. आबांनी डोळे मिटले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. डाव्या हाताला टोचल्यावर मात्र लगेच मिटले.

"प्रयत्न करू, पण शब्द देत नाही," डॉक्टर म्हणाला.

म्हणजे सहा महिने मी तो हात धरून बसले, ते ह्यांना कळलंच नव्हतं...

येताना गाडीत मी डाव्या बाजूला बसले. कधी नव्हे ते तोंड मिटून. भिगवणच्या अलीकडं त्यांनी माझा हात दाबला... इतका की बांगडी रुतली.

उजवा हात येईल, न येईल. पण बसायची बाजू कळली... त्या पोराचं भलं होवो.