मोरपिसाचं पान

फ्रीगंजातले माझे टेलरमास्टर बोलायला लागले की टावर चौकातल्या घड्याळानंही दचकावं. "आओ भाऊसाहब" अशी त्यांची हाक आली की रस्त्यावरचे आणखी तीन भाऊसाहब वळून बघतात. माझ्या कमरेचं माप तर ते पुकारतात, लिहीत नाहीत. तीस वर्षांत माझं पोट कसकसं वाढत गेलं, हे अख्ख्या बाजाराला तोंडपाठ आहे.

रिटायर झाल्यावर मी पुण्याहून कुराणाचा मराठी अनुवाद आणला. आमच्या घरी पोथी सात दिवसांत संपवायची पद्धत, म्हणून याचंही सात दिवसांचं पारायण ठरवलं. मास्टर हसतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "सही तो है. क़ुरान के सात हिस्से ही हैं, मंज़िलें, रोज़ की एक." आपला बेत थेट अरबस्तानात मंजूर झाला म्हणून मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच अध्यायात अडकलो. पारायणात पान उलटलं की पुण्य लागतं. समजून घ्यायला बसलं तर पानच उलटत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मास्टरांनी मला दुकानात बोलावलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी हिरव्या मखमलीच्या पिशवीतलं कुराण काढलं. पिशवी त्यांनीच शिवलेली, कुराण त्यांच्या बायकोचं. भाभी मागच्या वर्षी गेल्या. आत एका पानात मोरपीस होतं.

भाभी महिन्यात एकदा सगळं वाचून काढायच्या. हे पान आलं की एका ओळीवर बोट ठेवायच्या, मान वर करून मास्टरांकडे बघायच्या आणि गालात हसायच्या. माहेरी वडिलांनी त्यांना अर्थासकट शिकवलं होतं. मास्टरांना अरबी नुसतं वाचता येतं. त्यांनी एकदा विचारलं तेव्हा भाभी म्हणाल्या होत्या, "आपके लिए ही है."

"दुआ है मेरे लिए," मास्टर म्हणाले. "मेरा बायपास इसी पन्ने ने निकाला. अब उसी के भरोसे चल रहा हूँ. पर माँगा क्या था उसने, वो तो पता चले."

"मौलवी साहब को पूछते."

"क्या बोलूँ उनको? कि चालीस साल में दोबारा पूछा ही नहीं?"

मी हात धुऊन आलो. त्यांनी बोट ठेवून अध्याय आणि ओळीचा आकडा सांगितला. मी माझ्या मराठी प्रतीत ती ओळ काढली, मनातल्या मनात वाचली आणि आकडा पुन्हा एकदा ताडून बघितला.

मास्टरांना मराठी वाचता येत नाही. मी लांब आयुष्य म्हणालो असतो, बरकत म्हणालो असतो, सगळं खपलं असतं. वाक्यही जुळवून झालं होतं. पण ज्या पुस्तकासाठी आत्ताच हात धुऊन आलो, त्याच्या नावावर थाप मारायची माझी छाती होईना. म्हातारा इतक्या आशेनं बघत होता की मला भाभींचा रागच आला.

"एक बाप बेटे को समझा रहा है," मी चाचरत म्हणालो. "कि चाल सीधी रख. और आवाज़ नीची रख. सबसे बुरी आवाज़ तो..."

"किसकी?"

"गधे की."

मास्टरांनी वाकून त्या ओळीकडे बघितलं. मग मास्टरांना असं हसू फुटलं की समोरचा पानवाला शटरखालून वाकून बघायला लागला. मध्येच त्यांना आवाजाची आठवण झाली आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळं हसण्याचं नव्हतं.

"चालीस साल," ते म्हणाले. "मुँह से बोल देती."

"बोली तो थी," मी म्हणालो. "आपके लिए ही है."

त्यांनी मोरपीस पुन्हा त्याच पानात ठेवलं, पिशवीची दोरी बांधली आणि तिच्यावर वाकून काहीतरी पुटपुटले. तीस वर्षांत त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही असं प्रथमच घडलं.

"क्या बोले?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी वरच्या फळीवर ठेवून दिली. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.