देवाला सांगितलेलं नाव

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस विसरलो. देवबागच्या त्या म्हातारीची मात्र विसरता येत नाही.

मी मालवणच्या मासळी बाजारात वाढलो. आई मासे विकायची. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, कुणाच्या वशिल्याने नाही. ही म्हातारी आईच्या शेजारी पाटी घेऊन बसायची. मी तिला काकी म्हणायचो.

एक दिवस बाजारातल्या सोनाराचा ठाण्यात फोन आला. "साहेबानू, काकी पाटल्यो मोडूक इली हा. इचारलंय तर म्हणता, झिलाक लॉटरी लागली."

तिचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, सात वर्षांपूर्वी आखातात गेला होता. पहिलं वर्ष फोन आले, मग बंद.

काकीला ठाण्यात बोलावून तिचा मोबाइल पाहिला. परदेशी लॉटरी कार्यालयाच्या शिक्क्याचं पत्र होतं, मराठीत. शेजारच्या पोराने तिला ते वाचून दाखवलं होतं. मुलाने सोबत्यांबरोबर भागीदारीत तिकीट काढलं, पहिलं बक्षीस लागलं, शुल्क भरताच तो रक्कम घेऊन घरी येईल. खाली मुलाची म्हणून एक ओळ: 'आये, मी बरो आसंय. माझी वाट बघ.'

भागीदारीत तिकीट काढायची रीत तिकडे खरीच आहे. पण लॉटरी आपल्या राज्य सरकारची असो की दुसऱ्या देशाची, ती बक्षिसाआधी शुल्क मागत नाही. कर कापायचा तो बक्षिसातून कापतात. शिवाय परदेशी लॉटरीसाठी इथून पैसे पाठवायला कायद्याने बंदी आहे.

मी तापलोच. "काकी, फसवलंय तुला! आधी तक्रार दे."

"तक्रार दिलंय तर झील खोटो होतलो," ती म्हणाली. "माका नको तुझी तक्रार. आणि खोटो माणूस ह्या नाव खंयसून हाडतलो?"

खोट्या माणसाला हे नाव कुठून मिळणार, असं तिचं म्हणणं. पत्रात ते कुठे आहे हे तिने त्या पोराला विचारून ठेवलं होतं; नेमकं तिथे बोट ठेवलं. तिची आधीची दोन मुलं गेली होती. म्हणून तिसऱ्याला देवापुढे एक हलकं नाव ठेवलेलं, कुणाची नजर जाऊ नये असं. ते शाळेत नाही, पासपोर्टवर नाही. ते इथेही लिहिणार नाही. जत्रेच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवाला घालायच्या साकड्यात, तेवढं दरवर्षी मोठ्याने घेतलं जायचं, 'हेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा', आणि सगळा गाव म्हणायचा, 'होय म्हाराजा!'

तिला तो पुरावा वाटला, मला धागा. बक्षीस पासपोर्टवरच्या नावाने मिळतं. हे नाव लिहिणारा त्या गर्दीत उभा होता.

आणि भागीदारीच्या तिकिटाची रीत तिकडे राहिलेल्यालाच ठाऊक. गाऱ्हाण्याला हजर असलेल्यांत आखातातून परतलेला एकच निघाला. कसालला मोबाइलचं दुकान होतं त्याचं. चौकशीला आणला. दोन तास एकच पालुपद, "माका काय म्हायत नाय."

आईने बाजारात शिकवलं होतं, भाव मुद्दाम चढवून सांगावा. गिऱ्हाईक 'नको' म्हणायचं विसरतं आणि कमी करायला लागतं. मी कागद चाळत म्हटलं, "पाच म्हाताऱ्यांच्या तक्रारी आहेत तुझ्यावर."

"पाच खंय साहेब?" तो उसळला. "एकच ती देवबागची!"

जबाब लिहिणारा हवालदार मान वर करून बघायला लागला. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून लगेच पंच घेऊन दुकान गाठलं. पत्र ज्यावरून आलं ते सिमकार्ड आणि शिक्क्याचं चित्र, दोन्ही सापडली. ते दाखवल्यावर शेवटी काकीने तक्रारीवर अंगठा दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

प्रशस्तिपत्र वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांना मिळालं. त्यांनी देवबाग नकाशावर तरी पाहिलं होतं की नाही, देव जाणे. शेवटच्या बढतीला तो कागद मला उपयोगी पडला असता. हा हिशेब मी सोडलेला नाही.

आठवड्याने काकी ठाण्यात आली.

"माजो फोन दी."

"तो मुद्देमाल आहे काकी. कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळणार नाही."

"मगे ती ओळ तरी वाचून दाखय. माझ्या झिलाची."

"ती त्या हलकटाने लिहिली आहे!" मी ओरडलो.

"तां माका कळता रे," ती हळूच म्हणाली. "पण माका आये म्हणतलो दुसरो कोण आसा?"

मी फाइलमधली प्रत काढली आणि वाचली. तिने पुन्हा वाचायला सांगितली. पुन्हा वाचली.

तोवर मी शाळा-कॉलेजांत जाऊन भाषणं ठोकायचो, की लॉटरीच्या फसवणुकीत लोक हावेपायी सापडतात. बक्षीस किती, हे काकीने मला एकदाही विचारलं नव्हतं. त्यानंतर ते वाक्य मी भाषणातून काढलं.

मुलाच्या शोधासाठी तिकडच्या आपल्या दूतावासाला तीन अर्ज केले, खाली माझा नंबर दिला. निवृत्तीपर्यंत उत्तर आलं नाही. आजही कुणी बोलावलं की सांगतो, अनोळखी परदेशी नंबरचा फोन उचलू नका. माझ्या मोबाइलवर तसा फोन आला, की मी उचलतो.