खेचरवाले हसुरामनाना

खेचराच्या पाठीवर बोजा चढवण्याआधी हसुरामनाना तो स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालून बघत. सत्तरीकडे झुकलेला सडसडीत माणूस, हाफ पँट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि दोन्ही बाजूंना तंबू, भांडी, तांदूळ भरलेल्या गोण्या लोंबकळताहेत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डोंगराच्या पायथ्याशी असेच फेऱ्या मारत होते, आणि तिन्ही खेचरं शेपट्या हलवत मालकाकडे पाहत उभी होती. मला वाटलं, सगळं सामान हा माणूसच वर नेणार की काय!

"नाना, हे हो काय?" मी विचारलं.

"वझा वाकरा हाय का बगतो," ते म्हणाले. वझा म्हणजे ओझं. "वाकरा असला तरी ती बोलायची नाय, बाय. सामान तुमचा, पन पाठ तिची हाय."

मग डावीकडच्या गोणीतला तांदळाचा एक डबा काढून उजवीकडे टाकला, पुन्हा एक फेरी मारली, आणि मान डोलावून तो बोजा खारी नावाच्या खेचराच्या पाठीवर चढवला.

नवीन पनवेलमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहून गुडघे बोलायला लागले, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आमच्या गटात कुणीतरी म्हणालं, "कोन गावात एक नाना आहेत. सामान खेचरांवर घालून डोंगरावर नेतात, रात्री वर मुक्काम, दुसऱ्या दिवशी खाली. आपल्याला फक्त स्वतःला न्यायचं." आमच्यासारख्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना हे फार पटलं. एकदा गेलो आणि मग दर हिवाळ्यात जातच राहिलो.

नाना कोनचे. भातशेती करणारं आगरी घर. रस्ते आले, गोदामं आली, इमारती आल्या, आणि शेतं गेली. मुलगा विलास यानं बंगला बांधला, मोठी काळी गाडी घेतली, बांधकामाच्या साहित्याचा धंदा टाकला. नानांनी माथेरानला जाऊन तीन खेचरं आणली. गाव हसलं. विलास तर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. बंगल्याच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये खेचरं आणि शेजारी ती काळी गाडी, असं ते दृश्य होतं. विलासनं कधी कटकट केली तर नाना म्हणत, "तुजी गारी पेट्रोल पिते नी उबी रवते. माजी पेंढा खातान नी डोंगर चढतान."

खेचरांची नावं खारी, आंबेवाली आणि वरकस. ही कसली नावं, असं मी एकदा विचारलं. ती विकलेल्या शेतांची नावं निघाली. खाडीकडचं खारं शेत, बांधावर आंबा असलेलं शेत आणि डोंगरउतारावरची नाचणीची वरकस जमीन. "जमीन इकली, बाय. पन नावां कशी इकनार?" एवढंच ते म्हणाले आणि वरकसच्या पोटाखालचा तंग आवळायला वाकले. त्या आवाजात रडगाणं नव्हतं. हाक मारायला नाव लागतं आणि हाताशी होतं ते दिलं, इतका तो साधा व्यवहार होता.

डोंगरावर नाना फारसं बोलत नसत. बोलले तर एखादंच वाक्य, आणि तेही चढाच्या अशा जागी की दम लागलेल्या माणसाला हसावं की बसावं कळू नये. आमच्यातल्या एक बाई एका वर्षी चाकांची सुटकेस घेऊन आल्या. नानांनी ती खडकाळ पायवाटेवर उभी केली, सगळ्या बाजूंनी निरखून पाहिली आणि म्हणाले, "चाकां हायत ना? मंग चालू दे तिला." सगळे खो खो हसलो, त्या बाईसुद्धा. मग नानांनी ती सुटकेस पोत्यात गुंडाळून वरकसवर अशी पक्की बांधली की वर पोचेपर्यंत तिच्यावर ओरखडा उठला नाही. कुणी पुढे पळायला लागलं की म्हणत, "जा, जा. डोंगर पलून जात नाय, तुमीच बसशाल पुरं जाऊन." आणि खरंच, पुढच्या वळणावर तो पळणारा दगडावर बसलेला सापडे.

वर पठारावर ठाकरांची छोटीशी वाडी आहे. तिथे सोमीबाईच्या अंगणात आमचा मुक्काम. सोमीबाई नाचणीच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं करायची. बोलायची कमी आणि हसायची जास्त. नानांना ती भावासारखं मानायची, पण त्यांना ओरडण्याचा हक्कही तिनं स्वतःकडे घेतला होता. "नाना, गोळी घेतली का साखरेची?" हे तिचं पहिलं वाक्य असे. नानांना मधुमेह होता. गोळी ते घेत, पण त्यावर वेळेवर जेवणं मात्र त्यांना जमत नसे, कारण आधी खेचरांचं खाणं आणि मग आपलं, हा त्यांचा नियम होता.

या नियमानंच एका वर्षी घोटाळा केला.

सकाळी मी तंबूतून बाहेर आले तर सोमीबाई चुलीशी होती आणि खुंटीला दोनच खेचरं होती. खारी दावं तोडून गेली होती, आणि नाना तिला शोधायला गेले होते. चहा उकळला, ऊन कारवीच्या झुडपांवर उतरलं, तरी नानांचा पत्ता नाही. सोमीबाईनं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लाकडं मागे ओढून उठली. "चल बाई," ती म्हणाली.

पठाराच्या कडेनं हाका मारत आम्ही दोघी निघालो. एका कोरड्या ओहोळाच्या काठावर खारी निवांत गवत खात उभी होती. खाली दगडांत नाना बसले होते. पाठ खडकाला टेकलेली, डोक्याचा टॉवेल सुटलेला, उजवा पाय नको त्या कोनात वळलेला.

"बाय," मला पाहून ते म्हणाले, "चा झाला का?"

मी उतरून पायाला हात लावला मात्र, त्यांनी दात आवळले. नडगीचं हाड मोडलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. ती पठाराच्या टोकाशी एका कातळावर तेवढी येते. सोमीबाई विलासचा नंबर माझ्याकडून घेऊन तिकडे धावली. मी ओरडून आमच्या गटातल्या लोकांना बोलावलं, तंबूच्या काठ्या मागवल्या आणि माझ्या ओढणीनं पाय बांधला. दुकानात आयुष्यभर पट्ट्या विकल्या, पण मोडलेला पाय बांधायची ही पहिलीच वेळ होती.

नानांना उचलून वर काढलं, वरकसला आणलं, आणि नाना अडून बसले.

"त्याच्यावर मी नाय बसनार."

"नाना, चालणार कसे?"

"खोगीर सामानाचा हाय. मानसाचा नाय. मानूस हलतो, त्याची पाठ सोलते."

मी जवळ बसले आणि म्हणाले, "नाना, आज तुम्ही सामान. हलायचं नाही."

त्या वेदनेतही ते हसले. मग म्हणाले, "नीट बांदा मंग. वाकरा नको."

वरकसच्या खोगिरावर गोधड्या घालून आम्ही त्यांना बसवलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं, एकानं बांधलेला पाय सांभाळला, आणि आम्ही उतरायला लागलो. बाकीचं सामान वरच राहू दिलं. अवघड पायऱ्यांशी त्यांना खाली उतरवून हातांवर घ्यायचं, पलीकडे पुन्हा बसवायचं. आधी ते सगळ्यांना सूचना देत होते. तो दगड हलतो, तिकडून नको, वरकसला आधी बघू द्या. हळूहळू सूचना कमी झाल्या. मग थांबल्याच.

"नाना?"

मी वर पाहिलं. चेहरा पांढरा, कपाळावर थंड घाम, डोळे मिटत चाललेले. सकाळी गोळी घेतली होती, आणि त्यानंतर पोटात अन्नाचा कण नव्हता. साखर उतरली होती. आमच्या खिशांत नेमकं त्या वेळी काहीही नव्हतं. बिस्किटं वर, खजूर वर, सगळं वर. मी वेड्यासारखी खोगिराला अडकवलेल्या पिशव्या चाचपत होते, तर एका पिशवीत पुडी लागली. खेचरांसाठी नाना नेहमी ठेवत तो गूळ. खडा पाण्यात चुरून मी त्यांच्या ओठांना लावला, थोडा थोडा, गिळताहेत हे बघत. ते काही क्षण कसे गेले ते मी आजही सांगू शकत नाही. भोवतीची माणसं श्वास धरून उभी होती, आणि वरकस कानसुद्धा न हलवता.

मग नानांनी डोळे उघडले. जिभेनं ओठ चाटले.

"यो खारीचा गूल हाय ना?"

"हो."

"ती बोलंल तुमाला," ते म्हणाले, आणि आमच्यातला एक धिप्पाड गृहस्थ हसता हसता रडायला लागला.

पायथ्याला विलास काळी गाडी घेऊन उभा होता. मागची सीट आडवी पाडलेली. नाना म्हणाले, "माती लागंल." विलास म्हणाला, "लागू दे, बाबा," आणि वडिलांना दोन्ही हातांवर घेऊन त्यानं आत निजवलं. पनवेलच्या हॉस्पिटलात पायात सळई घातली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "चालतील, पण डोंगर आता नको." चालतील, एवढंच मला ऐकू आलं. मी बाकावर बसले.

शेजारी नानांच्या बायको, गोमाकाकू, बसल्या होत्या. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. "यो डोंगरान गेला का मना घास उतरत नाय," त्या म्हणाल्या. "मी दारान बसतं नी रस्ता बगतं. यो हसतो. बोलतो, वर काय वाग हाय?"

प्रश्न उरला खेचरांचा. विलास ती वीटभट्टीवाल्याला द्यायचं म्हणाला. रागानं नाही, सांभाळणार कोण म्हणून. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याच आठवड्यात सोमीबाई डोंगर उतरून, दोन रिक्षा बदलून हॉस्पिटलात आली. पदराच्या गाठीत नानांसाठी भाजलेले वाल होते.

"माझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. "चारा वरच हाय. माणसं आली तर मी आणीन वर."

नानांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "वझा बगशील?"

"जन्मभर डोक्यावर मोळी वाहिली, नाना. मला वझा कळत नाय का?"

नानांनी मान हलवली. विलासकडे बघून म्हणाले, "पेंढा पोचव तिला." विलासनं "बरं" म्हटलं, आणि आजतागायत तो काळ्या गाडीतून पेंढा पोचवतो.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. पुढे सोमीबाई, मागे खेचरं. नाना काठी घेऊन पायथ्यापर्यंत आले, तंग ओढून बघितले, इतक्या सूचना दिल्या की सोमीबाई शेवटी म्हणाली, "नाना, आता घरी जा." आम्ही वर गेलो, राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी उतरताना आंबेवालीचा नाल निघाला. तिच्या चालीनं उतरायचं ठरलं. पोचायचं होतं जेवणवेळेला, उन्हं कलली तरी आम्ही अर्ध्या वाटेवरच होतो.

खाली आलो तर नाना रस्त्याच्या मधोमध उभे होते. काठीवर दोन्ही हात, डोळे वाटेला. गोमाकाकू गाडीजवळच्या दगडावर बसलेल्या. नानांनी आधी तिन्ही खेचरांच्या पाठींवरून, पायांवरून हात फिरवला. आंबेवालीचा खूर उचलून पाहिला. सोमीबाईला नखशिखांत पाहिलं. मग माझा हात घट्ट धरला आणि एकदम आवाज चढवला, "येल काय झाला? कवरा येल? मानूस खाली मरतो का जगतो..." आणि डोळे पुसायला टॉवेल शोधू लागले, तो डोक्यालाच होता.

गोमाकाकू दगडावरून उठल्या, पिशवीतला डबा काढून त्यांच्या हातात दिला.

"जेव आता," त्या म्हणाल्या. "आली सगली."

नाना रस्त्याच्या कडेला बसले, डबा उघडला, आणि पहिला घास काकूंपुढे धरला.