खानसाम्याच्या डेगीतले चमचे

किन्हीराजा गावच्या चाचींचे उपकार आधी सांगतो, मग गुन्हा. त्या नसत्या तर वाशीमच्या डाकबंगल्याचा खानसामा तुरुंगात गेला असता, आणि त्याला नेणाऱ्यांत मी असतो. तो दिवस आठवला की अजून हसू येते.

इंग्रजांचा अंमल होता. मी भंडाऱ्याकडचा, चौथीत शाळा सोडलेला नवा शिपाई. घर लांब, चूक झाली तर कोणत्या तोंडाने परत जावे, ही धास्ती कायम. बंगल्यातले चांदीचे चमचे गेल्याची फिर्याद आली. किल्ली खानसाम्याकडे, म्हणून त्यालाच ठाण्यात बसवले. "चुना मारताना सामान हलवलं हुजूर, पुढचं आठवत नाही," एवढेच तो सांगे. आज माल मिळाला नाही तर उद्या कोर्टात, असे फौजदारांनी बजावले.

तेवढ्यात खबर आली. किन्हीराजाची एक बाई बाजारात साहेबी चमचा दाखवत फिरते. मला पिटाळले.

चाची अंगणात भांडी लावत होत्या. त्यांच्या मुलीचे लग्न नुकतेच झाले होते. घरोघरून मागून आणलेली भांडी, कोरलेली नावे बघून परत चालली होती.

"चमचे कुठले?" मी आवाज चढवला.

"वरडतं काहून बापू? बस, शेंगा खा. कोन्या तरी भांड्यात फडक्यात गुंडायेल निंगाले. मांगं नाव हाय, म्हनून बाजारात इचारून राह्यली. पन हा साहेब कोनालेच मालूम नाही!"

चमच्यामागे चौकटीत एकेक इंग्रजी अक्षर होते. मलाही ते मालकाचेच नाव वाटले. पण शेजारच्या तांब्याच्या डेगीवर नाव मराठीत होते, आणि ते आमच्या खानसाम्याचे.

"ही डेग कधी आणली?"

"लग्नाले. खानसाम्याच्या बायकोनं देली. चोरानं बाजारात दाखोलं असतं का रे? चाल, मीच येतो ठान्यात."

फौजदारांनी बंगल्यात उरलेला चमचा शेजारी ठेवला. अक्षरे तीच, त्यांच्या शेवटी कोरलेली छोटी घंटाही तीच. ते हसू लागले.

"चाची, हे कुणा साहेबाचं नाव नाही. बनवणाऱ्या कारखान्याची खूण आहे. आणि ही चांदीही नाही, वर नुसता मुलामा. तेही इथंच लिहिलंय."

"तरीच राखेनं घासला तं पिवया पडला! मी म्हटलं, साहेबाले सोनारानं फसोलं."

डेगीचे नाव काढताच खानसाम्याने कपाळावर हात मारला. चुना उडू नये म्हणून चमचे त्यानेच आपल्या डेगीत ठेवले होते, आणि बायकोने ती तशीच लग्नाला दिली होती.

"येड्या, बायकोले तरी सांगाचं होतं!" चाचींनी झापले. तो रडता रडता हसला. फिर्याद तिथेच निकालात निघाली.

माल कुणाकडे सापडला, यापेक्षा त्याने तो लपवून ठेवला होता की उघड, हे आधी पाहावे. पुढच्या सगळ्या नोकरीत मला ते उपयोगी पडले.

निघताना चाची म्हणाल्या, "भंडाऱ्याचा तांदूय लय चांगला म्हनते. धाकटीच्या लग्नाले आनजो." माझी बदली झाली, ते लग्न हुकले. आता त्यांची नात लग्नाची आहे, असे कळते. तांदळाचे पोते घेऊन मी किन्हीराजाला जाणार आहे, आणि पहिल्या पंगतीला चाचींच्या ताटात भात मीच वाढणार आहे.